डोक्यातील गाठ आणि ‘अंतरा’ची सुई

१/ कसबा बावड्यात आमच्या शेजारच्या वहिनींनी परवा विचारले, “अंतराच्या सुईने डोक्यात गाठ होते म्हणतात, खरे का?” या प्रश्नामागे शंभर वर्षांचा इतिहास आहे.

२/ १९२२ साली अमेरिकन शल्यविशारद हार्वी कुशिंग यांनी मेंदूच्या आवरणावर वाढणाऱ्या गाठीस ‘मेनिन्जिओमा’ हे नाव दिले. ती बहुधा कर्करोगाची नसते; मात्र पुरुषांपेक्षा स्त्रियांत सुमारे दुप्पट आढळते. गरोदरपणी ती वाढून दृष्टी मंदावल्याच्या नोंदीही जुन्या आहेत.

३/ कारण पुढे उलगडले. यांतील बहुतेक गाठींच्या पेशींत प्रोजेस्टेरॉन या स्त्री-संप्रेरकाचे ग्राहक असतात.

४/ २०१७ पासून सरकारी दवाखान्यांत विनामूल्य मिळणारे, दर ३ महिन्यांनी घ्यावयाचे ‘अंतरा’ हे त्याच संप्रेरकाचे कृत्रिम रूप आहे. २०२४ मध्ये फ्रान्समधील संशोधनात शस्त्रक्रिया झालेल्या १८,०६१ स्त्रियांच्या नोंदी तपासल्या गेल्या. हे औषध वर्षाहून अधिक काळ घेतल्यास धोका ५.६ पट आढळला. तथापि हा आजार मुळात विरळ असल्याने प्रत्यक्ष धोका अल्पच राहतो.

५/ १९८६ मध्ये ‘नेट-एन’ या इंजेक्शनाच्या चाचण्यांविरुद्ध स्त्री-संघटना सर्वोच्च न्यायालयात गेल्या. त्यांचा आक्षेप होता, की स्त्रियांना पुरेशी माहिती न देताच सुई टोचली जाते.

६/ वहिनींना सांगितले: घाबरून सुई सोडू नका, डॉक्टरांना विचारा. सततची डोकेदुखी वा अंधूक दिसणे लपवू नका. विचारण्याचा हा हक्क त्या संघटनांनीच मागितला होता.