आडातले पाणी आणि डासांची गोष्ट

'आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार?' ही म्हण आपण बहुधा माणसाच्या अकलेबद्दल वापरतो. मुंबईच्या हिवतापाचा इतिहास वाचताना ती मला अक्षरशः पटली. शंभरेक वर्षांपूर्वी या शहरातल्या घराघरांत शिरणारा हिवताप खरोखरच आडातून येत होता.

ताप दलदलीच्या वाईट हवेने येतो, अशी पूर्वी समजूत होती. 'मलेरिया' या इटालियन शब्दाचा अर्थच मुळी 'वाईट हवा'. ही समजूत मोडली ती निजामाच्या राज्यातल्या सिकंदराबादेत. लष्करी डॉक्टर रोनाल्ड रॉस यांनी हुसेन खान नावाच्या रुग्णाला डास चावू दिले आणि दर डासामागे त्याला एक आणा दिला. त्यांतल्याच एका डासाच्या जठरात २० ऑगस्ट १८९७ रोजी रॉस यांना हिवतापाचे जंतू सापडले. १९०२ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. रॉस कवीही होते. या शोधावर त्यांनी कविता लिहिली. हुसेन खानाला त्याचे आणे मिळाले. इतिहासाचे हिशेब असेच असतात.

डास गुन्हेगार ठरला, पण तो राहतो कुठे? मुंबईत याचा शोध डॉ. चार्ल्स बेंटली यांनी घेतला. १९११ च्या त्यांच्या अहवालाने लोकांना धक्का दिला. हिवताप पसरवणारा 'अ‍ॅनॉफिलिस स्टीफेन्सी' हा डास गटारात नव्हे, तर स्वच्छ पाण्यात वाढत होता. वाड्यांच्या, चाळींच्या, देवळांच्या आवारातल्या विहिरी आणि हौद हेच त्याचे माहेर. विहारचे पाणी नळाने १८६० पासून येऊ लागले होते, तरी विहिरी राहिल्याच होत्या. घाणीला नावे ठेवणे सोपे असते. इथे दोष होता तो घरच्या निर्मळ पाण्याचा.

उपाय सरळ होता. विहिरी बुजवा, नाहीतर घट्ट झाका. पण विहीर म्हणजे नुसता पाण्याचा खड्डा नव्हे. कुणाच्या विहिरीत देवता होती, कुणाच्या विहिरीवर पीर राखण करीत होता. पूजेला विहिरीचेच पाणी हवे, ही अनेकांची श्रद्धा. पारशी समाजाला तर वाहते पाणी, विहीर, सूर्यप्रकाश सारेच पवित्र. विरोध झाला, अर्ज झाले. नगरपालिकेत काम करणारे रुस्तम पेस्तनजी मसानी यांनी विहिरींभोवतीच्या या श्रद्धा गोळा करून १९१८ मध्ये 'फोकलोर ऑफ वेल्स' हे पुस्तकच लिहिले. हेच मसानी पुढे मुंबईचे पहिले भारतीय महापालिका आयुक्त झाले. एकीकडे विहिरी झाकणारी कचेरी आणि दुसरीकडे तिच्याच माणसाने जपलेल्या त्या विहिरींच्या गोष्टी. मला या इतिहासात हे फार मोलाचे वाटते. लोकांच्या श्रद्धेला मूर्खपणा म्हणून कुणी विहीर झाकून घेत नाही. झाकणाला तारेच्या जाळीचे दार ठेवले की पाणीही काढता येते आणि डासही आत जात नाही. अशा मधल्या वाटेनेच काम पुढे सरकते.

मशिदीतल्या वजूच्या हौदाकडे पाहतानाही मला हे आठवते. मुंबईच्या जामा मशिदीतला हौद जुन्या तळ्याचाच. त्यात मासे आहेत. पाणी उघडे असले तरी मासे अळ्या खातात. डासांच्या अळ्या खाणारा 'गॅम्बुशिया' मासा १९२८ मध्ये मुद्दाम इटलीहून भारतात आणला गेला. मात्र हा परदेशी मासा स्थानिक माशांना त्रासदायक ठरतो, हेही आता कळले आहे.

मग डीडीटी आले. भिंतीवर फवारा मारला की काम झाले, असे वाटू लागले. स्वातंत्र्याच्या वेळी देशात वर्षाला साडेसात कोटी लोकांना हिवताप होतो आणि आठ लाख त्यात मरतात, असा अंदाज होता. १९५३ मध्ये राष्ट्रीय मोहीम सुरू झाली आणि १९६५ पर्यंत रुग्णांचा आकडा लाखाच्या आसपास उतरला. फार मोठे यश! पण डास डीडीटीला सरावले, मोहीम ढिली पडली आणि १९७६ मध्ये रुग्ण चौसष्ट लाखांवर गेले. फवाऱ्याच्या भरवशावर आपण झाकण विसरलो होतो.

आज विहिरींची जागा गच्चीवरच्या टाक्यांनी आणि मोरीतल्या पिंपांनी घेतली आहे. नळाला तासभर पाणी येते, म्हणून बाई पिंप भरून ठेवते. त्यात डेंग्यूचा 'एडिस' वाढतो. तिला नुसता दंड करून काय होणार? नियमित पाणी हाही डासांवरचा उपाय आहे, हे पालिकेने विसरू नये. आणि आपणही विसरू नये की अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एक कोरडा दिवस. पिंप रिकामे करून आतून घासायचे, कारण एडिसची अंडी कोरड्या कडेला चिकटून महिनोन्‌महिने टिकतात. टाकीला झाकण, हवेच्या नळीला जाळी. कुंडीखालची बशी, फ्रीजमागचा ट्रे, अंगणातले टायर आणि करवंट्या कोरड्या.

मुंबईच्या विहिरीतला तो स्टीफेन्सी २०१२ मध्ये आफ्रिकेतल्या जिबुतीत सापडला. तिथल्या शहरांतही तो पाण्याच्या टाक्यांतच वाढतो आहे. बेंटलींचा अहवाल तिथल्या लोकांच्याही कामाचा आहे. पण तो आधी आपल्या गच्चीवर वाचला जायला हवा. जिना चढून एकदा टाकीचे झाकण पाहून यावे, एवढेच.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)