इओसेपाला सांभाळणारे

१८५४ साली जोसेफ एफ. स्मिथ होनोलुलूच्या बंदरात उतरला, तेव्हा त्याला सोळा वर्षंही पूर्ण झाली नव्हती... व्हायला दोन महिने राहिले होते म्हणा ना. मॉर्मन चर्चनं त्याला हवाई बेटांवर धर्मप्रचाराला पाठवलं होतं. बाप हायरम स्मिथ, म्हणजे संस्थापक जोसेफ स्मिथचा थोरला भाऊ. अमेरिकेतल्या कार्थेजच्या तुरुंगात १८४४ साली जमावानं दोघा भावांना गोळ्या घातल्या, तेव्हा हा पाच वर्षांचा. पुढे आईबरोबर बैलगाडी हाकत युटातल्या सॉल्ट लेकला आला आणि १८५२ साली आईही गेली. शाळेतला मास्तर धाकट्या बहिणीला, मार्था ॲनला, चामडी पट्ट्यानं मारायला निघाला म्हणून यानं मास्तरालाच बडवलं, असं सांगतात. त्यानंतर शाळा सुटली आणि थोड्याच काळात मिशनवर जाण्याचं बोलावणं आलं.

आज पांढरा शर्ट, टाय आणि छातीवर काळी नावाची पट्टी लावून जोडीजोडीनं फिरणारी मॉर्मन मुलं जगभर दिसतात. सत्तर हजारांहून जास्त आहेत. मुलगे दोन वर्षं जातात, मुली दीड वर्ष. खर्च त्यांचा किंवा त्यांच्या घरच्यांचा असतो. २०१९ पर्यंत घरी फोन वर्षातून फक्त दोनदा करता येई. आता आठवड्याला करता येतो. या शिस्तीचं कौतुक मी पुष्कळ ऐकलं आहे आणि ते खोटं नाही. पण एकोणिसाव्या शतकात ही प्रथा चालत होती ती वेगळ्याच आधारावर. थैली न घेता, झोळी न घेता निघायचं, हा बायबलमधला आदेश ते अक्षरशः पाळत. म्हणजे ज्या गावी जायचं, त्या गावानं जेवू घातलं तर जेवायचं. सगळा भार यजमानावर. इतिहास लिहिला गेला तो मात्र पाहुण्यांचा.

जोसेफनं जहाजाच्या भाड्यापुरते पैसे कॅलिफोर्नियात लाकडी कौलं पाडण्याच्या कारखान्यात काम करून मिळवले. माउई बेटावर त्याची नेमणूक झाली कुला भागात, हालेआकाला ज्वालामुखीच्या उतारावर. बेटांवर असताना तो सडकून आजारी पडला. भाषा येत नाही, घर नाही, हजारो मैलांत स्वतःचं असं कोणी नाही. त्याला मा माहुहीई नावाच्या एका हवाईयन बाईनं घरात घेतलं आणि पोटच्या पोरासारखी शुश्रूषा करून उभं केलं.

साधारण शंभर दिवसांत तो हवाईयन बोलू लागला, असं चरित्रकार सांगतात. ही देवाची देणगी, असं तो स्वतः मानत असे. त्याच्या श्रद्धेवर मला शंका घ्यायची नाही. पण आजारी पोरगा एका घरात चटईवर पडून असतो, तेव्हा दिवसभर त्याच्या कानावर तीच भाषा पडते. पाणी हवंय का, ताप उतरला का, थोडं खा. भाषा अशीच येते.

खायला असे पोई. आपण ज्याला अळू म्हणतो तेच तिथलं कालो. त्याचे कंद जमिनीतल्या भट्टीत वाफवायचे, लाकडी पाटावर दगडी बत्त्यानं कुटून पाणी घालत चिकट लगदा करायचा, आंबवायचा आणि बोटांनी चाटून खायचा. गव्हाची भाकर खात वाढलेल्या पोराच्या घशाखाली ते सहज उतरलं नसणार. त्याच्या सुरुवातीच्या लिखाणात तिथल्या राहणीबद्दल किळसही आहे, आणि ती वाचताना मला त्याचा राग येतो. त्याला जे आंबट लागत होतं, ते त्या घराचं रोजचं अन्न होतं आणि त्यातलाच वाटा त्याला मिळत होता.

माझे वडील पुण्यात वार लावून शिकले. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या. बुधवारच्या घरच्या काकू स्वतःच्या मुलांच्या आधी त्यांच्या पानात तूप वाढत, हे ते म्हातारपणीही सांगत. त्यांच्या शिक्षणाचा विषय निघाला की आधी ती सात घरं येत, मग कॉलेज. म्हणून असेल, पण मिशनऱ्यांची चरित्रं वाचताना मी पानापानावर यजमान शोधते.

असाच एक यजमान म्हणजे जोनाथन नापेला. १८५० च्या डिसेंबरात कॅलिफोर्नियाच्या सोन्याच्या खाणींवरून दहा मॉर्मन हवाईत आले. स्थानिकांची भाषा शिकण्यात अर्थ नाही म्हणून त्यांतले निम्मे लवकरच परतले. राहिलेल्यांत जॉर्ज कॅनन होता. त्याला माउईवरच्या वाइलुकूला नापेला भेटला. लाहाइनालुनाच्या विद्यालयात शिकलेला, न्यायाधीश म्हणून काम करणारा माणूस. त्यानं कॅननला आसरा दिला आणि ‘बुक ऑफ मॉर्मन’ या मॉर्मनांच्या धर्मग्रंथाचं हवाईयन भाषांतर दोघांनी मिळून तडीस नेलं. नव्यानं येणाऱ्या प्रचारकांना भाषा शिकवण्यातही तो होता. पुढे त्याच्या बायकोला, किटीला, कुष्ठरोग झाला. १८७३ साली तिला मोलोकाई बेटावरच्या कालाउपापा वसाहतीत धाडलं, तेव्हा नापेला स्वखुशीनं तिच्याबरोबर गेला. तिथेच तोही त्या रोगानं गेला.

नापेला कॅननला मदत करत होता, त्याच काळात आपल्याकडेही मॉर्मन आले होते. ह्यू फिंडले हा स्कॉटिश प्रचारक १८५२ साली मुंबईत उतरला आणि पुण्याला आला. त्याचं काम मुख्यतः गोऱ्या सैनिकांत. लष्करी अधिकाऱ्यांनी छावणीत अडथळे आणले आणि काही वर्षांत सारं आवरलं. त्याला नापेला भेटला नाही, मा माहुहीई भेटली नाही. माझ्या मते फरक तिथेच पडला.

तिकडे हवाईत जोसेफचे हाल मात्र संपले नव्हते. लानाई बेटावर आग लागून त्याची पेटी जळाली, कपडे आणि रोजनिशी गेली. सोबत्याबरोबर एकच धड पोशाख उरला. एक जण तो घालून सभेला गेला की दुसरा अंथरुणात थांबे. त्या दिवसांतलं एक स्वप्न तो आयुष्यभर सांगत राहिला. तो घाईनं कुठेतरी निघाला आहे, वाटेत अंघोळ करून स्वच्छ कपडे घालतो, एका मोठ्या घराच्या दारात मारला गेलेला काका भेटतो आणि म्हणतो, तुला उशीर झाला. हा उत्तर देतो, हो, पण मी स्वच्छ आहे. आत आई बसलेली असते. चिंध्या पांघरून चटईवर झोपणाऱ्या अनाथ पोराला असंच स्वप्न पडणार. त्यानंतर त्याला कोणापुढे कमीपणा वाटला नाही.

१९०१ साली तो चर्चचा अध्यक्ष झाला. त्यानंतरच्या एका हवाई भेटीची हकीकत त्याचा मित्र चार्ल्स निब्ली यानं लिहून ठेवली आहे. गर्दीतून एक आंधळी, थकलेली म्हातारी हातात थोडी केळी घेऊन ‘इओसेपा, इओसेपा’ (हवाईयन भाषेत जोसेफ) अशी हाक मारत आली. तो धावत गेला, तिला मिठी मारली आणि आई म्हणाला. ती मा माहुहीई होती. तिच्याबद्दल कागदावर यापलीकडे फारसं काही नाही.

या कृतज्ञतेत खोट नव्हती. तरी हिशेब एवढ्यावर मिटत नाही. १८८९ साली हवाईयन मॉर्मन कुटुंबं युटाच्या स्कल व्हॅलीत वसवली गेली. धर्मासाठी घर सोडून आलेल्या या लोकांना सॉल्ट लेक शहरात शेजारी म्हणून राहणं गोऱ्यांच्या तिटकाऱ्यानं नकोसं झालं होतं. वस्तीचं नाव जोसेफवरूनच ठेवलं, इओसेपा. उन्हाळ्यात रखरखीत, हिवाळ्यात बर्फ, समुद्र नाही, कालो नाही. त्यांनी पाट खणले, झाडं लावली, मुलं पुरली. हवाईत लाइए इथे मंदिर होणार हे ठरल्यावर ते परत निघाले, १९१७ पर्यंत वस्ती रिकामी झाली. जोसेफला हवाईत घरात घेतलं गेलं होतं. त्याच्या गावानं त्याच्या यजमानांना शहराबाहेरचं माळरान दिलं.