वर्षभराची पलटण

पलटण म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे काय उभे राहते? गणवेश, कवायत, महिन्याचा पगार आणि म्हातारपणी पेन्शन. मी ज्या पलटणीची हकिकत सांगणार आहे, तिच्यापाशी यांतले काही नव्हते. तिला नंबर नव्हता, आणि आयुष्य होते जेमतेम वर्षभराचे.

१५ ऑगस्ट १९४७ रोजी देश स्वतंत्र झाला. पण नांदेड-लातूरचा मुलूख निजामाच्याच अमलाखाली राहिला. स्वामी रामानंद तीर्थांना त्याच दिवशी अटक झाली. पुढे रझाकारांचा जाच वाढला. नुसत्या सत्याग्रहाने आता भागायचे नाही, हे कार्यकर्त्यांना कळून चुकले. स्टेट काँग्रेसने दिगंबरराव बिंदूंच्या अध्यक्षतेखाली कृती समिती नेमली होतीच. सरहद्दीच्या अलीकडे, स्वतंत्र मुलखात, कॅम्प उभे राहिले. नांदेडकरांचा तळ पडला पैनगंगेपलीकडे उमरखेडला. उस्मानाबाद-लातूरकडची सूत्रे सोलापूरच्या बाजूने हलत. उदगीरकडच्या शेतकऱ्यांनी तर राज्याच्या आतच, हत्तीबेटावर, आपले किसान दल जमवले.

शाळा-कॉलेज सोडलेली पोरे, शेतकरी, मास्तर, वकील, असे हे शिपाई. करोडगिरीची नाकी उठवावीत, रझाकारांना गावापासून दूर ठेवावे, आणि निजामाचा अंमल कागदावरच राहील असे करावे, हे त्यांचे काम.

पण वाचकहो, हत्यारे फुकट मिळत नाहीत! ३० जानेवारी १९४८ रोजी नागनाथ परांजपे, साहेबराव बारडकर प्रभृतींच्या तुकडीने नांदेड जिल्ह्यातल्या उमरीची बँक लुटली. वीस लाखांहून अधिक रक्कम हाती आली. त्याच संध्याकाळी दिल्लीत गांधीजींची हत्या झाली. केवढा हा योगायोग!

आता तुम्हीच विचारा: मग दरोडेखोरात आणि यांच्यात फरक तो काय? प्रश्न रास्त आहे. दोघांच्याही हाती बंदूक, दोघेही रात्री-अपरात्री हिंडणारे, आणि वर कुणाचे सरकार नाही. फरक दाखवला तो हिशेबाच्या वहीने. उमरीच्या पैशाचा हिशेब ठेवला गेला आणि लढ्यानंतर तो सादर झाला. एवढी रक्कम हाती असता खिशाकडे हात न जाणे, याला बंदूक चालवण्याहून जास्त छाती लागते.

१३ सप्टेंबर १९४८ रोजी हिंदी फौजा राज्यात शिरल्या आणि १७ तारखेला निजामाने हत्यार खाली ठेवले. पलटणीचे काम सरले. पोरे पुन्हा शाळेत गेली, शेतकरी नांगराला लागला.

एक गोष्ट मात्र झाकून ठेवू नये. त्यानंतरच्या दिवसांत रझाकारांच्या पापाची शिक्षा अनेक निरपराध मुसलमानांना भोगावी लागली. सरकारने पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीने सर्वांत जास्त झळ लागलेले म्हणून जे चार जिल्हे सांगितले, त्यांत उस्मानाबाद होता, बीदर होता आणि आपले नांदेडही होते. आजचा लातूर जिल्हा १९८२ साली झाला. त्या वेळी लातूर उस्मानाबादेत होते आणि उदगीर बीदरमध्ये. तेव्हा ही गोष्ट परक्याची म्हणून आपल्याला सोडून देता येत नाही.

म्हणून या पलटणीची आठवण काढताना तिच्या गोळ्या मोजू नयेत. उमरीची ती वही आठवावी. हाती हत्यार असताना जो स्वतःकडे हिशेब मागतो, तोच शिपाई. ज्या दिवशी तो हिशेब मागायचे राहून गेले, त्या दिवशी काय झाले, तेही याच मातीने पाहिले आहे.