मिरजेचे सतारमेकर : धार, दोर आणि जवारी

मिरजेत सतारी-तंबोरे घडवण्याचा धंदा 1850 च्या सुमारास उभा राहिला, आणि त्याचा पाया घातला तो शिकलगारांनी. तलवारी, भाले, कट्यारी यांना धार लावणे हे त्यांचे पिढीजात काम. इंग्रजी अंमल बसला, संस्थानांच्या फौजा आटल्या आणि हत्यारांना गिऱ्हाईक उरले नाही. मिरजेचे पटवर्धन अधिपती मात्र गाण्याचे शौकीन होते. दरबारी गवयांची वाद्ये दुरुस्तीला निघत. फरीदसाहेब शिकलगारांनी ते काम हाती घेतले. मोडलेली वाद्ये उकलता उकलता त्यांची घडण कळत गेली आणि मग नवी वाद्ये बनू लागली. पुढे या घराण्यांचे आडनावच सतारमेकर झाले.

गिऱ्हाईकही दारात होते. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर मिरजेत गाणे शिकवत. विष्णु दिगंबर पलुसकर त्यांच्याकडे 1896 पर्यंत शिकले. नंतर अब्दुल करीम खाँ (1872–1937) मिरजेत स्थायिक झाले. त्यांना स्वतःला वाद्यदुरुस्तीची जाण होती. तंबोरा किंचित बेसूर वाजला तरी खपवून न घेणारे असे गायक गावातच असल्यावर कारागिराचा कान तयार होतो, आणि या धंद्यात हाताइतकेच काम कानाला असते.

गिटार बनवणारा लाकडाच्या पातळ पट्ट्या उष्णतेने वाकवून पेटी तयार करतो. मिरजेच्या वाद्याची पेटी शेतात पिकते; ती असते वाळवलेल्या कडू भोपळ्याची. सोलापूर जिल्ह्यात, पंढरपूर-मंगळवेढ्याकडे भीमाकाठी या भोपळ्याची लागवड होते. भोपळा वेलावरच पुरता पिकला पाहिजे. कोवळा असताना काढला तर वाळताना चुरमडतो. वाळलेला भोपळा कापण्यापूर्वी पाण्यात भिजवतात, कारण कोरड्या कवचावर करवत घसरते आणि कवच तडकते. ओला भोपळा कापून, आतला गर खरवडून, बेढब झालेल्या जागी आतून काठ्यांचा ताण देऊन तो पुन्हा वाळवतात. गोलाई जिथे कमी असेल तिथे ती अशी मिळवून घेतात.

दांडी, गळा आणि भोपळ्याच्या तोंडावर बसणारी तबली यांसाठी तुणाचे लाकूड चालते. ते हलके असते, मुरल्यावर फारसे वाकत नाही. दांडी आतून पोकळ करणे हे अवघड काम. कारागीर जमिनीवर बसून लाकूड पायांनी दाबून धरतो आणि वाकस, पटाशी चालवतो. तिथे शिकलगारी उपयोगी पडते. बोथट पटाशीला जोर लावावा लागतो, जोर लावला की ती सटकते, आणि सटकलेली पटाशी मांडीत किंवा पंजात घुसते. धारदार पटाशी थोड्या दाबाने पातळ छिलका काढते आणि हाताच्या ताब्यात राहते. म्हणून काम सुरू करण्याआधी दगडावर धार, आणि लाकूड धरणारा हात नेहमी पटाशीच्या तोंडामागे.

भोपळ्यासारख्या गोल, ओबडधोबड वस्तूवर शिकंजा नीट बसत नाही. त्यावर उपाय दोराचा. सरस लावून गळा व तबली बसवली की भोवती दोर आवळतात, सैल जागी लाकडी पाचर सारून ताण वाढवतात आणि सरस वाळेपर्यंत तसेच ठेवतात. दाब साऱ्या घेरावर सारखा पडतो आणि कवचावर वळ उठत नाही. जोडाला लोखंडी खिळ्याऐवजी बांबूची चूक मारतात. ती गंजत नाही आणि पुढे दुरुस्तीच्या वेळी पटाशीची धारही तिच्यावर मोडत नाही. मिरजेच्याच जिल्ह्यातल्या कडेगावचे मोहरमचे उंच ताबूतही कळकाच्या कांबी दोऱ्यांनी बांधूनच उभे राहतात. बांधणीची ही समज या मुलखात जुनी आहे.

खरी परीक्षा जवारीची, म्हणजे घोडीचा माथा घासण्याची. गिटारीच्या घोडीवर तार एका रेषेत टेकते. तंबोऱ्याची घोडी रुंद असते आणि तिचा माथा इतक्या सौम्य उताराचा घासतात की कंप पावणारी तार त्याला वारंवार चाटून जाते. त्यातून वरच्या स्वरांची दाट झिलई निघते. कानशीने दोन हात मारायचे, तार चढवायची, ऐकायचे, तार उतरवायची, पुन्हा घासायचे. जास्त घासले गेले तर सगळा माथा नव्याने करावा लागतो. तारेखाली सुती धागा सरकवून उरलेला फरक गायक स्वतः मिटवतो. या कामात तार सारखी ताणली जात असल्याने कारागीर तोंड तारेच्या रेषेत आणत नाही. तुटलेली पोलादी तार डोळ्याकडेच उसळते.

घोडीला आणि नक्षीला पूर्वी हस्तिदंत व सांबरशिंग वापरत. 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि 1986 ची त्यातील दुरुस्ती यांनंतर हस्तिदंताची जागा प्लास्टिकने घेतली. जवारीच्या दृष्टीने हा बदल जाणत्यांना फारसा रुचला नाही, पण हस्तिदंताची बारीक भुकटी तरी घशात जायची कमी झाली. भुकटीचा धोका एरवी कोणी मोजत नसे. 1995 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाची भुकटी कर्करोगकारक ठरवली. भोपळा खरवडताना उडणारी कडू धूळही ठसका लावते. त्यात यंत्रांची भर पडली. काचकागद हाताने फिरवताना भुकटी पायाशी पडते, यंत्राने घासले की ती हवेत तरंगते. तेव्हा नाकावर फडके बांधणे, दार-खिडकी उघडी ठेवणे एवढे तरी लागतेच. चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवून केलेले पॉलिश लगेच पेट घेते, त्यामुळे सरस तापवायची शेगडी आणि पॉलिशचे काम एका खोलीत ठेवायचे नसते.

या कारागिरीची दखल म्हणून मार्च 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला वेगवेगळी भौगोलिक मानांकने मिळाली.