मोटारीची किल्ली, इलेक्ट्रॉनिक

इंजिन सुरू होण्याआधी मोटारीतल्या संगणकाला आपली ओळख पटवून देणारी, पोटात चिप असलेली किल्ली. बोलीत तिला ‘चिपवाली चावी’, ‘सेन्सरची चावी’ किंवा नुसते ‘रिमोट’ म्हणतात. हे शब्द एकमेकांच्या जागी वापरले जातात आणि किल्ली हरवल्यावर होणाऱ्या गोंधळाचे मूळ पुष्कळदा तिथेच असते. मुठीत मावणाऱ्या या वस्तूत तीन स्वतंत्र कामे एकत्र आलेली आहेत. धातूचे पाते कुलूप फिरवते, बटणांचा रिमोट दुरून दारे उघडतो आणि चिप इंजिनाला सुरू होण्याची परवानगी मिळवून देते. पाते शाबूत असून चिप निकामी झाली, तर दार उघडते, स्टार्टर कधी फिरतोही, पण इंजिन धरत नाही. उलट रिमोटचा सेल संपला तरी चिपचे काम बिनबोभाट चालू राहते, कारण तिला सेल लागतच नाही.

इग्निशनच्या किल्लीनेच गाडी सुरू करण्याची सोय अमेरिकेत क्रायस्लरने 1949च्या गाड्यांत आणली. पुढची तीसेक वर्षे किल्ली म्हणजे खाचा पाडलेला धातूचा तुकडाच राहिली. 1982 साली फ्रान्समध्ये रेनो फ्युएगो या गाडीला दुरून दार उघडणारा रिमोट मिळाला, पण त्याचा इंजिनाशी संबंध नव्हता. चोरीला अटकाव करणारी विद्युत किल्ली जनरल मोटर्सने 1986 साली शेवरोले कॉर्व्हेटमध्ये दिली. तिच्या पात्यावर रोधकाची एक बारीक गोळी असे. रोध मोजून गाडी ठरवी, की किल्ली आपली की परक्याची. ठरावीक मूल्ये मात्र पंधराच होती. चुकीची किल्ली लावल्यावर गाडी काही मिनिटे अडून बसे, चोराला रोखण्याची सारी भिस्त त्या वेळेवर होती.

खरा बदल 1990नंतरच्या दशकात झाला. जर्मनीत विमा कंपन्यांच्या आग्रहामुळे 1995पासून आणि युरोपीय संघाच्या नियमाने ऑक्टोबर 1998पासून नव्या मोटारींत इमोबिलायझर, म्हणजे ओळख पटेपर्यंत इंजिन अडवून ठेवणारी यंत्रणा, आवश्यक ठरली. नेदरलँड्समधील एका अर्थशास्त्रीय अभ्यासानुसार 1995 ते 2008 या काळात तिच्यामुळे मोटारचोरीचे प्रमाण सरासरी 40 टक्क्यांनी घटले. उलट बाजूचा पुरावा अमेरिकेने दिला. तिथे हा नियम नव्हता. किया आणि ह्युंदाईच्या 2011 ते 2021 या काळातल्या, किल्ली फिरवून सुरू होणाऱ्या अनेक गाड्यांत इमोबिलायझर बसवलेला नव्हता. 2021नंतर समाजमाध्यमांवरून ही उणीव पोराटोरांपर्यंत पोहोचली आणि त्या गाड्यांच्या चोऱ्यांची लाट आली.

चिपची कामगिरी साधी आणि सुंदर आहे. इग्निशनच्या तोंडाभोवती तारेचे वेटोळे असते. किल्ली आत गेली की ते सुमारे 125 किलोहर्ट्झचे चुंबकीय क्षेत्र निर्माण करते आणि त्याच क्षेत्रातून चिपला वीज मिळते. सुरुवातीच्या चिपा फक्त आपला ठरलेला क्रमांक सांगत. तो एकदा ऐकला की दुसऱ्या चिपमध्ये उतरवता येई. नंतरच्या चिपांत गाडी दर वेळी एक नवा आकडा प्रश्न म्हणून पाठवते, चिप आपल्याजवळच्या गुप्त सूत्राने त्याचे उत्तर काढते आणि उत्तर जुळले तरच इंजिनाला इंधन मिळते. गुप्त सूत्र स्वतः कधीच हवेत येत नाही.

रिमोटची तऱ्हा निराळी. तो भारतात आणि युरोपात प्रायः 433.92 मेगाहर्ट्झवर, अमेरिकेत व जपानमध्ये 315 मेगाहर्ट्झवर बोलतो आणि बटण दाबताच दर वेळी पुढचा संकेत पाठवतो. किलॉक या प्रसिद्ध पद्धतीत पुढचे सोळा संकेत गाडी निमूट स्वीकारते. खिशात किंवा लहान मुलाच्या हातात बटण त्याहून जास्त वेळा दाबले गेले, तर लागोपाठ दोनदा दाबून जुळणी पुन्हा करावी लागते. ‘रिमोट मेला’ म्हणून नवा घेण्याआधी एवढे करून पाहिलेच पाहिजे. पुष्कळदा तर सीआर 2032 हा तीन व्होल्टचा चपटा सेल बदलला की काम भागते.

आता मुख्य विषय. चिपच्या किल्लीची ‘डुप्लिकेट काढणे’ हा जुन्या काळातून उरलेला शब्दप्रयोग आहे. पात्याची नक्कल निघते, ती कोऱ्या किल्लीवर मशिनने खाचा पाडून. चिपची मात्र बहुतेक वेळा नक्कल होत नाही, तिची गाडीच्या स्मृतीत नवी नोंद होते. रेशनकार्डावर नाव चढवावे तसे हे काम आहे. ही नोंद बॅटरीची तार काढली तरी पुसली जात नाही.

नोंद कोणी करायची, याबाबत कंपन्यांचे मत वेळोवेळी बदलत गेले. फियाटने 1990च्या दशकात गाडीबरोबर एक लाल मुख्य किल्ली दिली. नव्या किल्ल्या फक्त तिच्याच साक्षीने नोंदता येत. ती हरवली तर इंजिनाचे नियंत्रक यंत्र बदलण्याची पाळी येई. फोर्डच्या अनेक गाड्यांत नोंदलेल्या दोन किल्ल्या जवळ असल्या तर मालक तिसरी घरीच नोंदवू शकतो. एकामागून एक दोन्ही किल्ल्यांनी इग्निशन चालू-बंद करायचे आणि लगेच नवी घालायची. एकच किल्ली उरली असेल तर हा मार्ग बंद. जनरल मोटर्सच्या काही गाड्या एकही जुनी किल्ली नसताना नवी स्वीकारतात, पण दहा-दहा मिनिटांच्या तीन फेऱ्यांनंतर. चोराला अर्धा तास मोकळा मिळत नाही, या भरवशावर ती सोय उभी आहे.

आज बहुसंख्य गाड्यांत हे काम स्टिअरिंगखालच्या सोळा पिनांच्या ओबीडी पोर्टला यंत्र जोडून होते. यंत्राला गाडीचा पिन कोड लागतो. चॅसिस क्रमांक आणि मालकीची कागदपत्रे पाहून कंपनी तो देते किंवा तिचा सर्व्हर परस्पर मंजुरी देतो. कुशल चावीवाल्यांकडे बाजारातली यंत्रे असतात आणि अनेक मॉडेलांचे काम ते उत्तम करतात. पातेही मशिनवर कापून देतात. त्यांच्या बोलीत चिपा क्रमांकांनी ओळखल्या जातात, ‘सेहेचाळीसची’, ‘अठ्ठेचाळीसची’. क्रमांक चुकला तर किल्ली कितीही सुबक कापलेली असो, गाडी तिला ओळखत नाही. जुना वापरलेला फॉब, म्हणजे चिप आणि रिमोट पोटात असलेली किल्लीची डबी, स्वस्तात घेण्यातही धोका आहे. पुष्कळ फॉब पहिल्या गाडीशी जोडले गेले की कायमचे बंदिस्त होतात आणि दुसरीकडे चालत नाहीत.

एक गोष्ट ग्राहकाला सहसा कोणी सांगत नाही. अनेक गाड्यांत नोंदणी करताना आधीच्या साऱ्या नोंदी पुसल्या जातात आणि त्या क्षणी समोर असलेल्या किल्ल्याच पुन्हा चढवल्या जातात. म्हणून घरातली प्रत्येक किल्ली सोबत न्यावी, नाहीतर कपाटातली किल्ली दुसऱ्या दिवशी परकी होते. याच गुणाचा उपयोग हरवलेली किल्ली बाद करण्यासाठी होतो. तिची नोंद गेली की ती इंजिन सुरू करू शकत नाही. तिचे पाते मात्र दार उघडतच राहते, त्यामुळे किल्ली चोरीलाच गेली असेल तर कुलपेही बदलणे शहाणपणाचे.

बटण दाबून सुरू होणाऱ्या गाडीत किल्ली खिशातच राहते. गाडीचे अँटेना तिला कमी कंप्रतेवर हाक मारतात आणि ती रेडिओने ओ देते. ओ आली म्हणजे किल्ली जवळच आहे, असे गाडी धरून चालते. तिथेच या रचनेचे दुबळेपण आहे. झुरिकच्या तंत्रविद्यापीठातील संशोधकांनी 2011 साली दहा मॉडेलांवर दाखवून दिले, की हाक आणि ओ मधल्या मध्ये पुढे पोहोचवली तर घरात ठेवलेल्या किल्लीने दारातली गाडी सुरू होते. संकेतसूत्र फोडावेच लागत नाही. यावर उपाय म्हणून काही कंपन्यांनी हालचाल थांबली की झोपी जाणारे फॉब आणले आणि अल्ट्रा वाइडबँड तंत्राने किल्लीचे खरे अंतर मोजणे सुरू केले. असा फॉब नसेल तर झाकणाचा धातूचा डबा हा स्वस्त उपाय आहे. फॉब आत ठेवून, डबा गाडीजवळ नेऊन दार उघडत नाही ना, एवढे तपासावे. अशा फॉबचा सेल संपला तर घाबरण्याचे कारण नाही. बहुतेकांच्या पोटात दारासाठी छोटे पाते दडवलेले असते आणि फॉब स्टार्ट बटणाला किंवा पुस्तिकेत दाखवलेल्या जागेला टेकवला की आतली बिनसेलची चिप काम करते.

संकेतसूत्रेही अभेद्य नाहीत. किल्ल्यांतल्या मेगॅमॉस या चिपमधले दोष दाखवणारा शोधनिबंध 2013 साली फोक्सवॅगनने इंग्लंडच्या न्यायालयातून रोखून धरला. दोन वर्षांनी तो एक वाक्य गाळून प्रसिद्ध झाला. दोष लपवल्याने गाडीमालकाचे हित झाले असे म्हणता येत नाही, कारण अशा उणिवा शोधणारे सगळेच निबंध लिहीत बसत नाहीत.

भारतात मारुती सुझुकीने ‘आयकॅट्स’ या नावाने इमोबिलायझरची यंत्रणा सर्वसामान्यांच्या गाड्यांत रुजवली. येथे किल्लीला विम्याच्या दृष्टीने आणखी एक वजन आहे. गाडी चोरीस गेल्यावर विमा कंपनी मूळ किल्ल्या मागते आणि एक कमी असली तर प्रश्न विचारले जातात. म्हणून किल्ली हरवताच पोलिसांकडे नोंद करून तिची प्रत जपावी. किल्ली बदलण्याचा खर्च भरून देणारे पूरक विमासंरक्षणही मिळते. जुनी गाडी घेताना दोन्ही किल्ल्या मागाव्यात आणि आधीच्या सर्व नोंदी पुसून फक्त त्या दोनच नोंदवून घ्याव्यात. नव्या गाडीच्या किल्ल्यांसोबत येणारी क्रमांकाची पट्टी घरी ठेवावी, गाडीच्या खणात नव्हे.

एक किल्ली हाताशी असताना दुसरी करून घेणे तासाभराचे काम असते. शेवटची हरवल्यावर गाडी उचलून न्यावी लागते, पिन कोडसाठी कागद फिरवावे लागतात आणि काही मॉडेलांत गाडीचे नियंत्रक यंत्र उघडून त्याची स्मृती वाचावी लागते. तेव्हा वाचकाने कपाटातली दुसरी किल्ली आजच काढावी आणि तिने गाडी खरोखर सुरू होते का, ते पाहावे.