डेन्मार्कची बारा व्यंगचित्रे

डेन्मार्कमधील 'युलँड्स-पोस्टन' या दैनिकाने ३० सप्टेंबर २००५ रोजी 'महंमदाचा चेहरा' या मथळ्याखाली बारा व्यंगचित्रे छापली, तेव्हा त्या देशाबाहेर त्यांची फारशी कुणी दखल घेतली नाही. चार महिन्यांनी दमास्कसमधील डॅनिश दूतावास जळत होता. मधल्या काळात काय घडले हे पाहिल्याखेरीज अभिव्यक्तिस्वातंत्र्य आणि धर्मश्रद्धा यांच्यातील या गाजलेल्या संघर्षाचा उलगडा होत नाही. दोन्ही बाजूंच्या घोषणा सर्वांना पाठ आहेत. घटनाक्रम मात्र फार थोड्यांना ठाऊक आहे.

प्रकरणाची सुरुवात मुलांच्या एका पुस्तकापासून झाली. कोर ब्लुइटगेन हे डॅनिश लेखक प्रेषित महंमद यांचे चरित्र मुलांसाठी लिहीत होते आणि त्यासाठी स्वतःच्या नावाने चित्रे काढून द्यायला कुणी चित्रकार धजावत नाही, अशी त्यांची तक्रार होती. तिची बातमी झाली. भीतीपोटी कलावंत स्वतःच स्वतःवर सेन्सॉरशिप लादून घेत आहेत काय, हे तपासावे, असे 'युलँड्स-पोस्टन'चे सांस्कृतिक संपादक फ्लेमिंग रोझ यांच्या मनात आले. वृत्तपत्रीय चित्रकारांच्या संघटनेतील सुमारे ४० जणांना त्यांनी पत्रे पाठवली आणि 'तुम्हाला दिसतात तसे महंमद काढा' असे कळवले. बारा जणांनी चित्रे दिली.

ही बाराही चित्रे पैगंबरांची टवाळी करणारी होती, हा समज चुकीचा आहे. एका चित्रात महंमद नावाचा शाळकरी मुलगा फळ्यापाशी उभा आहे आणि फळ्यावर फारसी भाषेत 'युलँड्स-पोस्टन'च्या संपादकांनाच चिथावणीखोर म्हटले आहे. दुसऱ्या एका चित्रात खुद्द ब्लुइटगेन फेटा बांधून उभे आहेत आणि त्या फेट्यात संत्रे पडले आहे. डॅनिश भाषेत 'फेट्यात संत्रे पडणे' म्हणजे अनायासे नशीब उघडणे. म्हणजे निदान दोन चित्रकारांनी टोपी उलट निमंत्रण देणाऱ्यांवरच फिरवली होती. जगभर पोहोचले ते मात्र कुर्ट वेस्टरगोर यांचे चित्र. फेट्याच्या जागी वात पेटलेला बॉम्ब आणि त्यावर कलिमा. सारा वाद अखेर या एका चित्राभोवती फिरत राहिला.

<b>आक्षेप नेमका कशाला?</b>

इस्लाममध्ये पैगंबरांचे चित्र काढण्यास मनाई आहे आणि ती मोडल्यामुळे मुस्लिम चिडले, असे सरसकट सांगितले जाते. हे अर्धसत्य आहे. कुराणात चित्रांवर थेट बंदी नाही. मूर्तिपूजेचा निषेध आहे. चित्रांविषयीची कठोर भूमिका मुख्यतः हदीस आणि त्यावर आधारलेल्या धर्मशास्त्रातून आली. सुन्नी परंपरेत ती अधिक ठाम, शिया परंपरेत काहीशी सैल. चौदाव्या शतकाच्या आरंभी इराणमध्ये तयार झालेल्या रशीदुद्दीनच्या इतिहासग्रंथाच्या हस्तलिखितात पैगंबरांची चित्रे आहेत. सोळाव्या शतकाच्या अखेरीस तुर्की सुलतान तिसरा मुराद याच्यासाठी सजवलेल्या पैगंबरचरित्रातही ती आहेत. तेथे चेहरा पांढऱ्या वस्त्राने झाकलेला आहे. ही चित्रे भक्तिभावाने काढलेली होती. बॉम्बचा फेटा ही निराळी गोष्ट आहे. ज्यांच्यावर श्रद्धा आहे त्या प्रेषितालाच दहशतवादी ठरवले आणि पर्यायाने प्रत्येक मुसलमानाला, असा त्या चित्राचा अर्थ लावला गेला. तो चित्रकाराला मान्य नव्हता. दहशतवादी ज्या धर्माचा दारूगोळा म्हणून वापर करतात त्याविषयी आपण बोललो, असे वेस्टरगोर अखेरपर्यंत सांगत राहिले.

डेन्मार्कमधील तेव्हाचे वातावरणही विसरून चालणार नाही. जेमतेम ५४ लाख वस्तीच्या या देशात मुस्लिमांची संख्या दोन लाखांच्या आसपास होती, आणि २००१ पासून सत्तेवर असलेले सरकार स्थलांतरितांच्या विरोधात आवाज उठवणाऱ्या डॅनिश पीपल्स पार्टीच्या पाठिंब्यावर उभे होते. ११ मुस्लिम देशांच्या राजदूतांनी ऑक्टोबर २००५ मध्ये पंतप्रधान अँडर्स फो रासमुसेन यांना पत्र लिहून भेटीची वेळ मागितली. त्या पत्रात व्यंगचित्रांखेरीज एका मंत्र्याचे भाषण, एका महिला खासदाराच्या संकेतस्थळावरील मजकूर आणि एका रेडिओ केंद्राची वक्तव्ये यांचाही उल्लेख होता. सरकारने संबंधितांवर कायद्यानुसार कारवाई करावी, अशी मागणी होती. वृत्तपत्रांवर आपला अंकुश नाही, दाद मागायची तर न्यायालये आहेत, असे उत्तर देऊन पंतप्रधानांनी भेट नाकारली. तत्त्व म्हणून उत्तर बिनचूक होते. परंतु वृत्तपत्राला शिक्षा करता येत नाही हे राजदूतांना समोर बसवून सांगता आले असते. डिसेंबरमध्ये डेन्मार्कच्याच २२ माजी राजदूतांनी पंतप्रधानांवर जाहीर टीका केली, ती याच मुद्द्यावर.

दरवाजा बंद झाल्यावर डेन्मार्कमधील काही इमामांनी ४३ पानांची एक पुस्तिका तयार केली आणि डिसेंबरमध्ये त्यांची शिष्टमंडळे इजिप्त, लेबनॉन व सीरियात जाऊन आली. या पुस्तिकेत वृत्तपत्राने कधीच न छापलेली तीन चित्रे होती. त्यांतील एक तर फ्रान्समधील डुकराच्या आवाजाची नक्कल करण्याच्या स्पर्धेतील स्पर्धकाचे छायाचित्र निघाले. डॅनिश मुस्लिमांना ही चित्रे धमकीवजा टपालातून आली होती, असा खुलासा नंतर करण्यात आला. तोवर नुकसान होऊन गेले होते. गंमत अशी, की मूळ व्यंगचित्रांपैकी काही 'अल फज्र' या इजिप्तच्या वृत्तपत्राने १७ ऑक्टोबरलाच, ऐन रमजानमध्ये, निषेधाच्या मजकुरासह छापली होती. कैरोत तेव्हा पानही हलले नव्हते.

जानेवारी २००६ मध्ये नॉर्वेतील एका ख्रिस्ती नियतकालिकाने चित्रे पुन्हा छापली आणि वणवा पेटला. सौदी अरेबियाने राजदूत माघारी बोलावला. आखाती देशांतील दुकानांतून डॅनिश लोणी आणि चीज हटवण्यात आले. 'युलँड्स-पोस्टन'ने ३० जानेवारीला भावना दुखावल्याबद्दल माफी मागितली. चित्रे छापल्याबद्दल नव्हे. हा फरक ऐकून घेण्याच्या मनःस्थितीत तोवर कुणी उरले नव्हते. ४ फेब्रुवारीला दमास्कसमधील डेन्मार्क व नॉर्वेच्या दूतावासांना आग लावण्यात आली, दुसऱ्या दिवशी बैरुतमधील डॅनिश कार्यालयाला. नायजेरिया, लिबिया, अफगाणिस्तान, पाकिस्तान येथे मिळून शंभराहून अधिक माणसे मेली. यातील बहुतेक जण मुस्लिम होते किंवा नायजेरियातील ख्रिस्ती. डेन्मार्कशी त्यांचा काहीही संबंध नव्हता.

<b>कायदा काय म्हणाला?</b>

डेन्मार्कच्या दंडसंहितेत तेव्हा ईशनिंदेचे कलम १४० होते. जून २०१७ मध्ये ते रद्द होईपर्यंत कित्येक दशके त्याखाली कुणालाही शिक्षा झालेली नव्हती. या कलमाखाली खटला भरण्यास सरकारी वकिलांनी जानेवारी २००६ मध्ये नकार दिला आणि सर्वोच्च अभियोक्त्यांनी १५ मार्चला तो निर्णय कायम केला. मात्र त्यांनी जोडलेला शेरा वृत्तपत्राच्या पाठीराख्यांनी सोयीस्करपणे विसरून टाकला. धर्मभावनांची वेगळी दखल घेण्याची मागणी अभिव्यक्तिस्वातंत्र्याशी विसंगत आहे आणि प्रत्येकाने कुचेष्टा सोसलीच पाहिजे, हे रोझ यांचे प्रतिपादन प्रचलित कायद्याचे अचूक वर्णन नाही, असे त्यात म्हटले होते. मुस्लिम संघटनांनी केलेला बदनामीचा दावाही न्यायालयाने फेटाळला. २००८ मध्ये अपिलातही तोच निकाल लागला.

वृत्तपत्राच्या तत्त्वनिष्ठेला आणखी एक डाग होता. येशूच्या पुनरुत्थानावरील विनोदी चित्रे याच दैनिकाने २००३ मध्ये एका व्यंगचित्रकाराला परत पाठवली होती. वाचकांना ती आवडणार नाहीत, उलट गदारोळ होईल, असे त्याला कळवण्यात आले होते. न मागता आलेली चित्रे आणि मागवलेली चित्रे यांत फरक आहे, हा बचाव तांत्रिक म्हणावा लागेल.

भारतात ही लढाई फार जुनी आहे. १९२४ मध्ये लाहोरात प्रसिद्ध झालेल्या 'रंगीला रसूल' या पुस्तिकेच्या प्रकाशकाला उच्च न्यायालयाने १९२७ मध्ये निर्दोष सोडले, कारण दिवंगत धर्मसंस्थापकाच्या निंदेला कलम १५३-अ लागू होत नाही. त्यावर उसळलेल्या संतापातून त्याच वर्षी कलम २९५-अ आले. कायदा आला तरी १९२९ मध्ये प्रकाशक राजपाल यांचा खून झालाच. श्रद्धेचा केवळ अवमान पुरेसा नाही, तो जाणूनबुजून आणि दुष्ट हेतूने केलेला असला पाहिजे, ही कसोटी सर्वोच्च न्यायालयाने १९५७ मध्ये रामजीलाल मोदी खटल्यात स्पष्ट केली. आता हेच कलम भारतीय न्याय संहितेत २९९ या क्रमांकाने आहे. पोलीस ठाण्यात हेतूची छाननी होत नाही, हा मात्र नेहमीचा अनुभव. 'शार्ली एब्दो'चे मुखपृष्ठ जानेवारी २०१५ मध्ये छापल्याबद्दल 'अवधनामा' या उर्दू दैनिकाच्या मुंबई आवृत्तीच्या संपादक शिरीन दळवी यांनी माफी मागितली, तरी त्यांच्यावर ठिकठिकाणी गुन्हे नोंदले गेले, त्यांना मुंब्रा पोलिसांनी अटक केली आणि ती आवृत्तीच बंद पडली. त्या स्वतः मुस्लिम होत्या. दुष्ट हेतूचा आरोप त्यांच्यावर कसा टिकावा, हा प्रश्न तेव्हा फार थोड्यांनी विचारला.

डॅनिश प्रकरणाचा मुंबईशी आणखी एक धागा आहे. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यासाठी मुंबईची टेहळणी करणारा डेव्हिड हेडली दोनच महिन्यांत कोपनहेगनला गेला आणि जाहिरात द्यायच्या बहाण्याने 'युलँड्स-पोस्टन'च्या कार्यालयात शिरून आला. ऑक्टोबर २००९ मध्ये शिकागोच्या विमानतळावर तो पकडला गेला, तो या डॅनिश कटामुळे. त्याचा साथीदार तहव्वूर राणा यालाही अमेरिकेत शिक्षा झाली ती या कटाला साह्य केल्याबद्दल व लष्कर-ए-तैयबाला मदत केल्याबद्दल. मुंबईच्या आरोपातून तेथील ज्युरीने त्याला मोकळे केले होते. एप्रिल २०२५ मध्ये त्याला भारताच्या ताब्यात देण्यात आले.

वेस्टरगोर यांच्या घरात १ जानेवारी २०१० रोजी कुऱ्हाड घेऊन एक तरुण घुसला. सुरक्षित खोलीत शिरल्यामुळे ते बचावले आणि पोलीस बंदोबस्तातच जगून २०२१ मध्ये वयाच्या ८६ व्या वर्षी वारले. पॅरिसमध्ये ही चित्रे २००६ मध्ये पुन्हा छापणाऱ्या 'शार्ली एब्दो'च्या कार्यालयावर ७ जानेवारी २०१५ रोजी हल्ला होऊन १२ जण ठार झाले. त्यानंतर युरोपातील अनेक दैनिकांनी 'शार्ली'ची चित्रे छापली. 'युलँड्स-पोस्टन'ने छापली नाहीत. कर्मचाऱ्यांच्या सुरक्षिततेचे कारण देत, हिंसेचा उपयोग होतो हे यातून दिसते, अशी कबुली वृत्तपत्राने अग्रलेखातून दिली.

कुराण जाळण्याच्या घटनांनंतर डेन्मार्कच्या संसदेने ७ डिसेंबर २०२३ रोजी ९४ विरुद्ध ७७ मतांनी नवा कायदा केला. मान्यताप्राप्त धर्माच्या ग्रंथाची जाहीर विटंबना केल्यास त्यात दोन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. लेखन, भाषण आणि व्यंगचित्रे या कायद्याच्या कक्षेबाहेर ठेवली आहेत.