दिनविशेष : ८ जुलै
१९८० : ब्रिस्बेनच्या लँग पार्क मैदानावर ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड आणि न्यू साउथ वेल्स या राज्यांमध्ये रग्बी लीगचा पहिला ‘स्टेट ऑफ ओरिजिन’ सामना झाला. क्वीन्सलँडचे कर्णधार होते ३५ वर्षांचे आर्थर बीटसन.

तोवर सिडनीतल्या क्लबकडून खेळणारा खेळाडू आंतरराज्य सामन्यात न्यू साउथ वेल्सचाच धरला जाई. क्वीन्सलँडचे गुणी खेळाडू असे तिकडे जात आणि आपल्याच राज्याविरुद्ध उभे राहत. क्वीन्सलँडमधल्या रोमा गावी जन्मलेल्या बीटसन यांच्या वाट्यालाही तेच आले. त्या मोसमातले पहिले दोन सामने क्वीन्सलँडने गमावले होते. तिसऱ्यासाठी, खेळाडूने आपल्या मूळ राज्याकडून खेळावे, असा नियम बदलला आणि कारकिर्दीच्या संध्याकाळी बीटसन यांना पहिल्यांदा मातृराज्याची जर्सी मिळाली. खरे तर तेव्हा ते पॅरामाटा क्लबच्या राखीव संघात खेळत होते! पण समोर आलेला क्लबमधला सहकारी मिक क्रोनिन यालाही भिडताना त्यांनी हात आखडता घेतला नाही. क्वीन्सलँड २०-१० ने जिंकले.

बीटसन फॉरवर्ड होते. फॉरवर्ड म्हणजे सतत अंगावर धडका झेलणारा गडी. धिप्पाड असूनही त्यांचे हात मात्र विलक्षण कुशल होते. दोघा-तिघांनी जखडले असतानाही ते चेंडू अचूक साथीदाराकडे सोपवत. ईस्टर्न सबर्ब्ज क्लबला त्यांनी १९७४ आणि १९७५ची विजेतेपदे मिळवून दिली. त्याआधी १९७३मध्ये ते ऑस्ट्रेलियाचे कर्णधार झाले. कोणत्याही खेळात हा मान मिळवणारे ते पहिले आदिवासी खेळाडू. ‘ओरिजिन’ आज त्या देशातला क्रीडाउत्सवच आहे. त्याच्या उभारणीत बीटसन यांचा वाटा सर्वांत मोठा. २०११मध्ये त्यांचे निधन झाले.